आरोग्याच्या बातमीतला टक्का कसा वाचावा

मथळ्यावर विश्वास ठेवू नका, हे सगळेच सांगतात. मग करायचं काय, ते कोणी सांगत नाही. फार तर 'नामांकित जर्नलमध्ये आलंय का ते बघा' असा सल्ला मिळतो, आणि तोही कुचकामी. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८चा निबंध 'द लॅन्सेट'मध्येच छापून आला होता. त्यात मुलं होती फक्त १२, आणि तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं.

मी या क्रमाने जातो.

१. मूळ निबंध गाठा. निदान गोषवारा तरी बहुधा फुकट वाचता येतो.

२. प्रयोग उंदरांवर की माणसांवर? उंदरांवर असेल तर आपल्या सवयी बदलायची घाई नको.

३. नुसतं बघितलं, की करून बघितलं? रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांतून वर्षानुवर्षं दिसत होतं. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाने १६,६०८ स्त्रियांच्या जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी दिली, दुसऱ्याला नुसती दिसायला तशी गोळी. २००२ साली निकाल आला: खरी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार कमी झाला नाहीच, उलट थोडा जास्तच निघाला. आधीच्या अभ्यासांत हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच जास्त सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण.

४. आता टक्का फोडा. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका औषधाने अमुक धोका 'इतक्या टक्क्यांनी वाढतो' हे वाचून मी घरात मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि वहिनीने गोळ्या बंद करून टाकल्या. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "कितीवरून किती?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा पहिली ताकीद: बातमी वाचून चालू औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही, आणि दुसऱ्याला तर त्याहून सांगायचं नाही.

टक्का ज्या आकड्यावर वाढतो तो मूळ आकडाच बातमीत नसतो. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की, नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठी होण्याचा धोका दुप्पट होतो. म्हणजे किती? सुमारे ७,००० बायकांत एकीऐवजी दोघींना. 'दुप्पट' खोटं नव्हतं, पण एवढ्यावर बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गाठींचा धोका त्या गोळ्यांपेक्षा गर्भारपणातच जास्त असतो, ही आणखी एक गोष्ट.

म्हणून निबंधातल्या निष्कर्षांच्या तक्त्यात जा. प्रत्येक गटात माणसं किती आणि त्यांतल्या कितींना तो त्रास झाला, हे आकडे शोधा. भागाकार करा, १,०००ने गुणा. समजा, औषध न घेतलेल्या ५,००० जणांत १०० जणांना झटका आला आणि औषध घेतलेल्या ५,००० जणांत ७५ जणांना. मथळा म्हणेल, 'धोका २५ टक्क्यांनी घटला'. तुमच्या वहीत येईल: हजारात २०चे १५ झाले. म्हणजे एकाचा झटका टाळायला २०० जणांनी औषध घ्यायचं. किती वर्षं, तेही शेजारी लिहा. ते नसेल तर आकडा अर्धवटच.

सगळ्यात जास्त मला 'ऑड्स रेशो'ने छळलं. प्रत्येक गटात त्रास झालेल्यांना न झालेल्यांनी भागायचं आणि येणाऱ्या दोन आकड्यांपैकी एकाला दुसऱ्याने भागायचं, तो हा आकडा. तो २.२५ दिसला की मी बिनधास्त 'सव्वादोन पट धोका' म्हणायचो. एका गटात १००पैकी ४० आणि दुसऱ्यात ६० जणांना त्रास झाला, तर ऑड्स रेशो २.२५ येतो, पण धोका मात्र दीडपटच असतो. त्रास विरळा असेल तर दोन्ही जवळपास सारखे येतात. सर्रास होणारा असेल तर फसगत नक्की. डोकेदुखी, झोप, चिंता यांवरच्या निबंधांत हे तपासाच.

आणखी एक लबाडी: फायदा टक्क्यांत सांगायचा आणि दुष्परिणाम 'हजारात दोन' असे. दोन्ही एकाच मापाने मोजून मगच मत बनवा. मानसशास्त्रात टक्क्याच्या जागी 'लक्षणीय फरक' येतो. लक्षणीय म्हणजे मोठा नव्हे. असा फरक निव्वळ योगायोगाने दिसणं अवघड, एवढाच त्याचा अर्थ. मोजपट्टी किती गुणांची आणि फरक किती गुणांचा, ते विचारा.

५. दुसऱ्या कोणाला तेच आढळलं का? ऐटीत उभं राहिलं की हार्मोन बदलतात आणि हिंमत वाढते, हा २०१०चा निष्कर्ष ४२ जणांवरचा होता. २०१५मध्ये दुसऱ्या चमूने २०० जणांवर करून बघितलं. हार्मोन जागचे हलले नाहीत. २०१६मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच जाहीर केलं की, या परिणामावर आता आपला विश्वास नाही. शोधायला निबंधाच्या नावापुढे 'replication' (रेप्लिकेशन, म्हणजे तोच प्रयोग पुन्हा करून बघणं) टाका. काहीच सापडलं नाही तर वहीत मथळा, तारीख आणि हजारातला आकडा लिहून ठेवा आणि वर्षभराने पुन्हा शोधा. तोवर वहिनीला काही सांगू नका.