मेकोनियममुळे बाळाला धाप लागलीय? स्टिरॉइडच्या बाबतीत या चुका टाळा

बाळाने पोटातच शी (मेकोनियम) केली, ती श्वासाबरोबर फुप्फुसात गेली आणि बाळाला पेटीत ठेवावं लागलं, की कुणीतरी विचारतंच, "स्टिरॉइड दिलं का?" यामागे काळजी असते, तर्कही असतो. मेकोनियममुळे फुप्फुसाला सूज येते आणि स्टिरॉइड सूज उतरवतं. पण त्रास नुसत्या सुजेचा नसतो. चिकट मेकोनियम बारीक श्वासनलिका अडवतं, हवा आत कोंडते, फुप्फुसं फुगती ठेवणारं सर्फॅक्टंट निकामी होतं. यातलं बरंचसं स्टिरॉइडच्या आवाक्याबाहेरचं आहे. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2003 च्या आढाव्यातही हे औषध सरसकट द्यावं इतका पुरावा मिळाला नाही. नंतरच्या काही छोट्या अभ्यासांत ऑक्सिजनचे आणि दवाखान्यातले दिवस कमी झालेले दिसले, पण तेवढ्यावर ते प्रत्येक बाळाला देणं मला पटत नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. कमी दिवसांच्या प्रसूतीची शक्यता असली, की बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. मेकोनियमचा त्रास मात्र बहुतेक पूर्ण दिवसांच्या किंवा दिवस उलटून गेलेल्या बाळांना होतो. "आईला इंजेक्शन दिलं असतं तर हे टळलं असतं" असं म्हणून कुणाला दोष देऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे औषध देऊन वाट बघत बसणं. बाळाचा उघडा छातीपोटाचा भाग नीट पाहा. श्वास मिनिटाला 60 च्या वर, दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलताहेत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, तर आधी श्वासाला आधार हवा: ऑक्सिजन, सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र), गरज पडल्यास व्हेंटिलेटर आणि सर्फॅक्टंट. उजव्या हाताला आणि पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारे वेगवेगळे प्रोब लावा. हाताला 95 टक्के आणि पायाला 83 टक्के दिसत असेल, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याची शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी नायट्रिक ऑक्साइडची (या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या वायूची) सोय असलेल्या केंद्रात हलवायला उशीर करू नका. बाळ अचानक खालावलं, तर फुप्फुसातून हवा फुटून छातीत साठली नाही ना, हे आधी तपासा.

स्टिरॉइडला सुधारणेचं श्रेय देतानाही जपून. सौम्य त्रास असलेली बरीच बाळं काही दिवसांत आधारावरच सावरतात.

उलट टोकाची चूकही होते. सलाईन आणि इतर औषधांनी रक्तदाब सावरत नसेल, तेव्हा डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड सुचवतात. तो उपचार वेगळ्या कारणासाठी असतो, "स्टिरॉइड नको" म्हणून अडवू नका. कारण, डोस आणि किती दिवस, हे जरूर विचारा. औषध चालू असताना रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, जंतुसंसर्गाची खूण झाकली जाऊ शकते. म्हणून साखर, रक्तदाब आणि संसर्गावर रोज लक्ष हवं.