पावसाळी ऑफरोड मीट ठरवताय? आधी हे बघा

मावळ-मुळशीकडे थार, जिम्नी, गुरखा अशा फोर-बाय-फोर गाड्या घेऊन ट्रेल (कच्च्या वाटेवरची राइड) मारायचा प्लॅन असेल तर आदल्या दिवशी एका गाडीने रेकी कराच, कारण जुलैत तिकडे भातलावणी चालू असते आणि मागच्या वर्षीची मोकळी वाट आता कुणाचं तरी खाचर असू शकतं, गावात विचारून परवानगी घ्या आणि वनखात्याची जमीन असेल तर तिकडे जाऊच नका. एकट्याने ट्रेलवर जायचं नाही, कमीत कमी दोन गाड्या हव्याच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिकव्हरी, म्हणजे अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढणं. पट्टा लावायचा तो चासीला बोल्ट केलेल्या रेटेड पॉइंटलाच (किती ओढ झेपते ते ठरलेला हुक), ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, म्हणजे टो बॉलला कधीच नाही, तो तुटला की गोळीसारखा उडतो आणि काच फोडून आत येतो. ओढताना बाकी पब्लिक लांब उभं करा, पट्ट्याच्या मधोमध ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाका (रील काढणाऱ्यांना तर आधी हाकला).

चिखलात टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की ग्रिप बरीच वाढते, पण काळ्या मातीत नुसती हवा कमी करून भागत नाही, तिथे मड टायरच लागतात. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची, म्हणजे कंप्रेसर कुणाच्या गाडीत आहे ते निघतानाच विचारून घ्या.