दुर्लक्षित गाडीच्या रंगावर पहिल्यांदा मशीन फिरवताना

खानदेशात एखादी गाडी चार-पाच वर्षे उघड्यावर उभी राहिली की तिच्या रंगाचे काय होते, हे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोणत्याही वसाहतीत फेरफटका मारला तरी दिसते. टप आणि बॉनेट पांढुरके पडलेले असतात, दारांवर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे गोल डाग बसलेले असतात आणि उन्हात तिरके पाहिले तर पूर्ण पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकतात. यातले पहिले काम मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हाचे, दुसरे पाण्याचे आणि तिसरे बहुतेक वेळा मालकाचे स्वतःचे असते. कारण काळ्या मातीचा फुफाटा गाडीवर बसलेला असताना रोज सकाळी कोरडा फडका मारणे म्हणजे ती धूळ रंगावर घासणेच होय. मशीनने पॉलिश करून यातले बरेच काही सुधारता येते, मात्र नेमके काय सुधारते आणि त्याची किंमत काय, हे कळल्याशिवाय मशीनला हात लावू नये.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हे सगळे मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन जाडीचे असतात आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन एवढाच असतो. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण ज्या थरावर मशीन फिरवणार आहोत तो त्या कागदाच्या निम्म्याइतकाही भरेलच असे नाही. पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट अतिशय बारीक प्रमाणात घासून सगळा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत किंवा तळाजवळ आणणे होय. घासून गेलेला थर परत येत नाही. त्यातही ऊन अडवणारी द्रव्ये याच थरात असतात, त्यामुळे आज मिळालेल्या जास्तीच्या चकाकीची किंमत पुढच्या उन्हाळ्यांत मोजावी लागते. विहिरीत पाणी किती आहे हे पाहून मोटार चालू करावी, तसाच हा हिशेब आहे.

म्हणून पहिले काम तपासणीचे. रंगाचे पापुद्रे सुटत असतील, पांढऱ्या डागाला स्पष्ट कडा असेल आणि त्या कडेवर बोट फिरवल्यावर पायरी जाणवत असेल, तर तिथला क्लिअर कोट संपलेला आहे. त्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. ओरखड्यावरून नख आडवे फिरवल्यावर ते अडकत असेल तर तो ओरखडाही मशीनने पूर्ण काढण्याच्या फंदात पडू नये. पक्ष्यांच्या विष्ठेने खोल खाल्लेल्या डागांचेही तेच. याउलट सरसकट मंदावलेली चमक, धुक्यासारखी पांढुरकी छटा आणि नखाला न लागणारे बारीक ओरखडे यांना मशीनचा चांगला गुण येतो. जुन्या गाड्यांपैकी काहींवर, विशेषतः साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या गाड्यांवर, क्लिअर कोट नसतोच. अशा गाडीच्या कोपऱ्यात थोडे कंपाउंड (पॉलिशपेक्षा जाड कणांची घासायची पेस्ट) कापडावर घेऊन हाताने घासले की कापडावर गाडीचाच रंग उतरतो. पांढऱ्या गाडीसाठी ही चाचणी गडद कापडावर करावी. रंग उतरला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, फक्त पुढे मशीनचे पॅड रंगीत होईल हे ध्यानात ठेवावे.

रंगाची जाडी मोजण्याचे उपकरण कुणाकडून मिळाले तर अवश्य वापरावे. एखाद्या दारावर २०० मायक्रॉनच्या वर आकडा दाखवत असेल तर ते दार पूर्वी रंगवलेले असण्याची शक्यता मोठी. ८०च्या आत आकडा असेल तर तिथे अगदी हलके पॉलिशच करावे किंवा तो भाग सोडून द्यावा. जाड आकडा दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण ही उपकरणे सगळ्या थरांची एकत्रित जाडी सांगतात, त्यात क्लिअर कोट किती आणि खाली खड्डे बुजवायला भरलेली लांबी (पुट्टी) किती हे ती सांगत नाहीत. साधी उपकरणे प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाहीत.

मशीनच्या निवडीबाबत माझे मत ठाम आहे: नवशिक्याने डीए मशीनच घ्यावे. डीए म्हणजे दुहेरी हालचालीचे मशीन; त्याचे पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलते, त्यामुळे एका जागी उष्णता फारशी साचत नाही. रोटरी मशीनचे पॅड एकाच आसाभोवती फिरते. ते वेगाने काम करते, पण कडेवर क्षणभर जास्त थांबले तरी रंग जाळते. दिवाळीआधी गॅरेजमध्ये रोटरी आणि लोकरीचे पॅड लावून जे झटपट ‘रबिंग’ करून मिळते, ते त्या दिवशी देखणे दिसते. दोन-तीनदा गाडी धुतल्यावर कंपाउंडमधले तेल निघून जाते आणि उन्हात पट्ट्यांसारखे फिरते ओरखडे दिसू लागतात. वेल्डिंगच्या दुकानातला कटिंग ग्राइंडर तर या कामाला कधीही वापरू नये, कारण तो मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो आणि पॉलिशसाठी त्याच्या कितीतरी पट कमी वेग लागतो.

पाच इंची तळ (पॅड बसवायची चकती) असलेले डीए मशीन, स्पंजची तीन-चार मध्यम पॅड, दोन मऊ पॅड, दोन कडक पॅड, एक कंपाउंड, एक बारीक पॉलिश आणि दहा-बारा स्वच्छ मायक्रोफायबर कापडे एवढ्यात एका गाडीचे काम होते. पॅडमध्ये कंजूषी करू नये. एकच पॅड सगळ्या गाडीवर वापरले की ते तेलाने आणि निघालेल्या रंगाने चिकटते, कापत नाही आणि नवे ओरखडे पाडते.

वेळ आणि जागा यांचा विचार आपल्याकडे इतरत्र करतात त्याहून जास्त करावा लागतो. उन्हाळ्यात शेडमध्येसुद्धा दुपारी पत्र्याला हात लाववत नाही. अशा पत्र्यावर कंपाउंड काम करण्याआधीच वाळते आणि पांढरी पावडर होऊन चिकटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यातच करायचे असेल तर पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी एक-दोन भाग उरकावेत आणि बाकीचे दुसऱ्या दिवसावर टाकावेत. कपाशी वेचणीच्या आणि मळणीच्या दिवसांत गावात वारा सुटला की हवेत काडीकचरा आणि धूळ असते. तीन बाजूंनी बंद पडवी मिळाली तर उघड्या अंगणापेक्षा ती बरी. जमिनीवर आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी. वीज कधी जाईल याचा नेम नसेल तर मशीन बंद असताना ते पत्र्यावर टेकलेले राहणार नाही याची काळजी घ्यावी, आणि जोडणीला अर्थिंग आहे ना हे आधी पाहावे. वायर खांद्यावरून मागे टाकावी, म्हणजे ती रंगावर घासत नाही.

धुणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने माती सोडवावी, मग गाडीचा शाम्पू घातलेली एक बादली आणि साध्या पाण्याची दुसरी बादली घेऊन वरून खाली धुवावे. प्रत्येक वेळी कापड आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे. बोअरचे पाणी पत्र्यावर वाळू देऊ नये. आधीच बसलेल्या क्षारांच्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून ओले कापड काही मिनिटे ठेवावे व नंतर भरपूर पाण्याने धुवावे; जे डाग यानेही जात नाहीत त्यांनी रंग खाल्लेला असतो, त्यांचा निकाल मशीनवर सोडावा. भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वे यार्डाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर चाकांचे आणि ब्रेकचे लोखंडी कण चिकटतात व तिथे बारीक तांबूस ठिपके दिसतात. लोहकण काढणारे द्रव फवारल्यावर ते जांभळे होऊन वाहतात. ते द्रव पत्र्यावर वाळण्याआधी धुऊन टाकावे. औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातली राख डोळ्यांना मऊ वाटली तरी तिच्यात वाळूच्याच जातीचे कण असतात, ती कोरडी कधीही पुसू नये.

धुतल्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून पत्र्यावरून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली तर क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी) वापरावा: पत्रा शाम्पूच्या पाण्याने सतत ओला ठेवून क्लेचा चपटा तुकडा अजिबात दाब न देता सरळ रेषेत फिरवावा आणि मळलेली बाजू आत दुमडत राहावी. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यावा. त्यानंतर गाडी कोरडी करून रबर, काळे प्लास्टिक, बोधचिन्हे आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकाव्यात. कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथे एकवटतो.

आता खरे काम, आणि त्याचा आरंभ चाचणीच्या जागेपासून. बॉनेटवर दीड फूट लांब-रुंद चौकोन टेपने आखावा. सर्वांत मऊ उपाय आधी करावा, म्हणजे मध्यम पॅड आणि बारीक पॉलिश. एवढ्याने ओरखडे पुरेसे कमी झाले तर सगळी गाडी त्याच जोडीने करावी. नाही झाले तर पॅड तेच ठेवून कंपाउंड घ्यावे. तरीही नाही झाले तरच कडक पॅडकडे वळावे. उलट्या क्रमाने, म्हणजे कडक पॅडने सुरुवात करून नंतर सौम्यतेकडे येणारा माणूस गाडीभर गरजेपेक्षा जास्त क्लिअर कोट घालवून बसतो आणि त्याला ते कळतही नाही. चाचणीला तासभर गेला तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये. एकदा जोडी ठरली की उरलेली गाडी हे केवळ हमालीचे काम उरते.

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्यावेत आणि पहिल्याच वेळी बोटाने पॅडभर पसरवावेत. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करावे, नाहीतर कंपाउंड भिंतीपर्यंत उडते. सहा टप्प्यांचा वेग असेल तर पहिल्या टप्प्यावर चौकोनभर पसरवून मग चौथ्या-पाचव्या टप्प्यावर न्यावे. हात सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर एवढ्याच वेगाने सरकवावा. नवशिक्यांचा हात जवळजवळ नेहमीच याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने पळतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. एकदा आडवे, एकदा उभे अशा चार फेऱ्या पुरेत. दाब मशीनच्या वजनाला थोडा हातभार एवढाच असावा. पॅड ज्या चकतीवर बसते तिच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. फिरणे थांबून नुसती थरथर उरली असेल तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरके धरले आहे. चौकोन संपल्यावर तळहात ठेवून पाहावा. पत्रा कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर थांबावे. प्लास्टिकचे बंपर उष्णता पत्र्यासारखी पसरवत नाहीत, म्हणून तिथे वेग एक टप्पा कमी आणि फेऱ्या निम्म्या कराव्यात.

उरलेले कंपाउंड पुसल्यावर लगेच खूश होऊ नये. त्यातली तेले ओरखडे झाकतात. पाण्यात साधारण १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून फवारावे, स्वच्छ कापडाने पुसावे आणि मग एलईडी टॉर्च तिरका धरून पाहावे. दिसते ते खरे. पहिल्या प्रयत्नात ७० टक्के ओरखडे गेले असतील तर तिथेच समाधान मानावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. उरलेल्या ३० टक्क्यांच्या मागे लागणे हे रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला परवडत नाही. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करावे आणि एक-दोन भाग झाले की बदलावे. कंपाउंड वापरले असेल तर गडद रंगावर हलके धुके उरते, ते मऊ पॅड आणि बारीक पॉलिशच्या एका फेरीने निघते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ही फेरी वगळली तरी सहसा कळत नाही. या कामात मास्क आणि चष्मा लावावा.

संपूर्ण गाडी एका दिवसात होत नाही, तसा हट्टही धरू नये. टप, बॉनेट आणि डिकी यांना ऊन सर्वाधिक लागते, म्हणून पहिल्या दिवशी तेच घ्यावेत. जो भाग पूर्ण झाला त्यावर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंटचा (वॅक्ससारख्याच पण कृत्रिम संरक्षक लेपाचा) पातळ थर द्यावा. खानदेशच्या उन्हात वॅक्स काही आठवडेच टिकते, सीलंट काही महिने. मार्चअखेर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा सीलंट लावणे हा सोयीचा क्रम ठरतो. वापरलेली पॅड कोमट पाण्यात थोड्या द्रवरूप साबणाने पिळून धुवावीत, चेहरा खाली करून सावलीत वाळवावीत आणि पुढच्या दिवसापर्यंत बंद पिशवीत ठेवावीत, कारण पॅडवर बसलेला धुळीचा एक कणही दुसऱ्या दिवशी बॉनेटभर गोल ओरखडे काढू शकतो.