रीमॅप करूनही १४० च्या पुढे गाडी ढिम्म? या चुका टाळा

स्टेज वन रीमॅप (पार्ट तेच ठेवून फक्त ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाईल बदलणं) झाला की पहिला आठवडा सगळे खूश असतात, सिग्नलवरून सुटताना पुढची चाकं जागेवर फिरतात, शेजारी बसलेल्या मित्राचं डोकं हेडरेस्टवर आपटतं, आणि मग कधीतरी ट्रॅकवर नाहीतर ड्रॅगसाठी धावपट्टीवर गाडी नेली की कळतं, १२०-१४० पर्यंत भन्नाट आहे पण त्यापुढे नुस्ता आवाज. माझ्याकडे २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आहे, या भानगडीत दोन वर्षं आणि बऱ्यापैकी पैसे घालवून झालेत, म्हणून लिहितोय. तुमची पोलो असो नाहीतर व्हर्टस जीटी, टर्बो पेट्रोल असेल तर बहुतेक सगळं लागू पडेल.

टॉर्कच्या आकड्यावर भाळणं

ट्यूनर आधी टॉर्क सांगतो कारण तो ऐकायला भारी वाटतो. पण तो मिळतो अडीच-तीन हजार आरपीएमला, सिटीत मजा येते, बस. वर गेल्यावर खेळ हवेशी असतो: स्पीड दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी पॉवर आठपट. म्हणजे १०० ला नुस्ती हवा कापायला १०-११ पीएस जात असतील तर २०० ला तिथेच ८५-९० जातात, जे उरेल त्यावर गाडी पळणार. त्यामुळे डायनोच्या (रोलरवर गाडी पळवून पॉवर मोजणारं मशीन) कागदावर टोकाचा आकडा बघू नका, ५,५०० ते ६,५०० मधे ग्राफ किती टिकून राहतो ते बघा. व्हीआरएस २३० मधला आयएस२० टर्बो छोटा आहे, तो लवकर भरतो आणि वर लवकर दमतो, तिथे फाईलमधून बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) वाढवत राहिलं तर हवा कमी आणि गरमी जास्त मिळते. गोल्फ आर मधला आयएस३८ लोक टाकतात तो याचसाठी, पण तो शेवटी टाकायचा, आधी खालचं सगळं वाचा.

लॉग न काढता पार्ट घेणं

ही चूक माझीच. धावपट्टीवर १६० च्या आसपास गाडी एकदम अडखळायची, जणू कुणी मागून शर्ट ओढला. एका गॅरेजवाल्याने छातीठोकपणे सांगितलं की फ्युएल पंप कमी पडतोय. पंप बदलला, भरपूर पैसे गेले, अडखळणं तसंच. नंतर एका मित्राने लॅपटॉप लावून थर्ड गिअरमधे लॉग (पळताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढला तर रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब, मागितलेलं आणि मिळालेलं अगदी जुळत होतं, पण दोन सिलिंडरमधे मिसफायर मोजले जात होते, तेही फक्त फुल बूस्टला. प्लग काढले. इलेक्ट्रोड झिजून गॅप ०.९ मिमीच्या वर गेलेला, फीलर गेजची जाड पट्टी आरामात आतबाहेर होत होती! बूस्ट वाढला की एवढ्या गॅपमधून ठिणगी पडायलाच मागत नाही. नवे, एक पायरी थंड (गरमी लवकर बाहेर टाकणारे) प्लग, गॅप ०.६५, संपला विषय. (नंबरात गोंधळ करू नका हां, एनजीकेमधे नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमधे बरोबर उलटं.)

म्हणून एक रुपया खर्च करायच्या आधी पाच गोष्टींचा लॉग काढा: मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, चारही सिलिंडरचं टायमिंग करेक्शन (ईसीयू ठिणगीची वेळ किती मागे घेतो ते), लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), रेल प्रेशर. बूस्ट मागितल्यापेक्षा कमी येतोय आणि टर्बो मात्र जीव तोडून फिरतोय, तर बहुतेक कुठेतरी गळती आहे. इंटरकूलरच्या होजच्या टोकाशी तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिथलाच क्लॅम्प ढिला समजा, स्मोक टेस्ट केली की पक्कं कळतं.

आणि हे सगळं डायनोवर किंवा ट्रॅकवर. एक्सप्रेसवेवर लिमिट १०० आहे आणि कॅमेरे आहेत, समृद्धीवरही १२० च.

गरमी विसरणं

रीमॅप हिवाळ्यात पहाटे केला तर गाडी वेगळी आणि मे महिन्यात दुपारी वेगळी. पहिल्या पुलला (फुल थ्रॉटलची एक धाव) माझं इनटेक तापमान ५० ला होतं, तिसऱ्याला ७० च्या वर, आणि ईसीयूने टायमिंग मागे खेचून पॉवर गिळली. लोकांना वाटतं ट्यून खराब आहे. ट्यून बरोबर आहे, इंजिन स्वतःला वाचवतंय. मोठा इंटरकूलर हा हाय-स्पीडसाठी सगळ्यात वसूल होणारा खर्च, माझ्या मते तर फाईलच्याही आधी. याउलट बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला तर तो इंजिनचीच गरम हवा ओढतो, आवाज मात्र झकास. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं पिस्स पण त्यातलंच, खुशाल लावा, पण त्याने गाडी पळत नाही.

पुणेकरांनी अजून एक लक्षात ठेवायचं, आपण ५५० मीटरच्या आसपास आहोत, हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला इथे जास्त फिरावं लागतं.

पेट्रोलचं म्हणाल तर ज्या ऑक्टेनवर फाईल लिहिलीय तेच कायम भरा. १०० ऑक्टेनची फाईल आणि टाकीत साधं पेट्रोल, मग करेक्शन उणे चार-पाच डिग्री दिसणारच. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बनही बघावा, पन्नास-साठ हजारला आत अक्षरशः डांबर असतं.

गिअरबॉक्स विसरणं

व्हीआरएस २३० मधला सहा स्पीडचा डीक्यू२५० रेटिंगने ३५० एनएमचा, म्हणजे स्टॉक टॉर्कलाच काठावर. पोलो जीटीमधला ड्राय क्लच डीक्यू२०० तर २५० चा. इंजिन ट्यून केलं आणि टीसीयू (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) तसाच ठेवला तर एकतर गिअरबॉक्स टॉर्क कापतो नाहीतर क्लच घसरतो, आरपीएम चढतो आणि स्पीड चढत नाही. डीक्यू२५० चं तेल ६०,००० ला बदलायचं असतं, ट्यूननंतर मी ४० लाच बदलतो.

वॉरंटी गेली हे धरूनच चाला, आणि कॅटलेस डाउनपाइप (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला एक्झॉस्टचा पाइप) लावला तर पीयूसी आणि चेक इंजिन लाइट दोन्ही डोक्याला ताप देणार.

राहिले टायर. टायरवर साइजच्या पुढे एक अक्षर असतं, एच म्हणजे २१० पर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०. गेल्या वेळी ड्रॅगला एकजण सगळी तयारी करून आला होता, टर्बो, इंटरकूलर, मेथेनॉल किट, बॉनेट उघडून सगळ्यांना दाखवत होता. स्क्रुटिनीवाला खाली वाकला, टायरवरून बोट फिरवलं, एच वाचलं आणि बाजूला व्हायला सांगितलं. दिवसभर तो आमच्या गाड्यांचे व्हिडिओ काढत बसला होता.