बंधाऱ्यांची यादी नकाशावर टाकताना

सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव तालुक्यांमधल्या बंधाऱ्यांची यादी एक्सेलमध्येच पडून राहते. नकाशा मात्र गावकरीही उघडून बघतात.

१. गुगल शीटमध्ये गाव, काम, वर्ष, अक्षांश, रेखांश असे वेगळे रकाने करा. अक्षांश-रेखांश दशांशात आणि इंग्रजी आकड्यांतच भरा. साताऱ्याचा अक्षांश साधारण १७.७, रेखांश ७४. अदलाबदल झाली तर बंधारा थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

२. गुगल माय मॅप्स या स्वतःचा नकाशा बनवायच्या साधनात शीट इम्पोर्ट करा. एका लेयरला (नकाशावरच्या थराला) २,००० ओळींची मर्यादा आहे. तालुकावार लेयर केले की पुरतं.

३. ‘काम’ रकान्यावरून रंग ठरवा, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

सावधान: कास पठारावरच्या दुर्मिळ वनस्पतींची नेमकी जागा उघड नकाशावर नको. शीटमध्येच दोन दशांशांपर्यंत आकडा ठेवा, म्हणजे ठिकाण किलोमीटरभर धूसर होतं.