बाई, मागीर ते खंय गेले? यादवी युद्धाचा धडा कसा शिकवावा

शनिवारी संध्याकाळी मी गोव्यात, डिचोलीत आमच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांना इतिहास सांगते. मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत इंग्रजी आणि माझ्याकडे मराठी. अमेरिकेच्या यादवी युद्धाला मी पहिल्यांदा दोन शनिवार दिले आणि दोन्ही लढायांतच गेले. गुलामगिरी संपली म्हणून मी पुस्तक मिटलं, तर एका मुलीने विचारलं, "बाई, मागीर ते खंय गेले?" म्हणजे, सुटलेले गुलाम मग कुठे गेले? माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. तेव्हापासून हा धडा मी त्या प्रश्नाकडे तोंड करून शिकवते. तुम्हाला शिकवायचा असेल, तर चार शनिवार धरा आणि शेवटचे दोन युद्धानंतरच्या काळासाठी राखून ठेवा.

सुरुवात अमेरिकेपासून करू नका, जुन्या गोव्यापासून, पोर्तुगीजांच्या जुन्या राजधानीपासून करा. फेस्ताला तिथे सगळीच मुलं गेलेली असतात. सोळाव्या शतकात तिथल्या रुआ दिरेइता या मुख्य रस्त्यावर माणसांचा लिलाव होई. लिन्स्खोटेन नावाचा डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात होता, त्याने ते लिहून ठेवलंय. मोझांबिकहून माणसं भरून आणत. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलात आज आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात, त्यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्याच्या वाटेनेच आले. फळ्यावर दोन सालं लिहा: 1836, पोर्तुगीजांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, 1869, गुलामगिरीच रद्द केल्याचा हुकूम निघाला. खाली लिहा 1865, अमेरिकेतलं युद्ध संपलं. तेव्हाही पोर्तुगीज कायद्यात गुलाम होतेच. हे आधी सांगितलं नाही, तर मुलं ते पाप परक्याचं म्हणून ऐकतात.

आता कारणं. दक्षिणेतली गुलाम ठेवणारी राज्यं अमेरिकेच्या संघराज्यातून फुटली आणि उत्तरेशी युद्ध पेटलं. "युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं," असं मोबाईलवर ऐकून आलेला एक तरी मुलगा असतोच. त्याला गप्प करू नका, कागद दाखवा. मिसिसिपी राज्याने संघराज्य सोडताना जाहीरनामा काढला, त्यात आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे असं सुरुवातीलाच म्हटलंय. फुटलेल्या राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च 1861 मध्ये भाषणात म्हणाले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच नव्या राज्याची कोनशिला. आणि हक्कांचंच म्हणाल, तर 1850 चा पळपुट्या गुलामांचा कायदा घ्या. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला पकडून परत द्यायला त्या कायद्याने उत्तरेतल्या लोकांना भाग पाडलं, आणि तो दक्षिणेलाच हवा होता. तेव्हा उत्तरेतल्या राज्यांचे हक्क कुणाला आठवले नाहीत. यावर मी अर्धा तास देते, घाई करत नाही.

आकडाही मोठ्याने वाचा: 1860 च्या जनगणनेत जवळजवळ 40 लाख गुलाम. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत निम्म्याहून जास्त लोक गुलाम होते. त्यांच्या हातून निघणारा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना जाई. युद्धात तो अडला आणि मुंबईत कापसाचे भाव भडकले. धारवाडचा कापूस बाहेर काढायला कारवार बंदर हवं, म्हणून 1862 मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. आमच्या गोव्याचं काणकोण ओलांडलं की कारवार. मुलं इथे कान टवकारतात.

लढायांना वीस मिनिटं पुरेत. एप्रिल 1861 मध्ये फोर्ट समटर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा, जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गची लढाई, 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेचा सेनापती ली याची शरणागती, पाच दिवसांनी अध्यक्ष लिंकनवर गोळी. मात्र दोन गोष्टी गाळू नका. 1 जानेवारी 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर भागाला लागू होता. केंटकी, मिसुरीसारख्या संघराज्यात राहिलेल्या राज्यांतले गुलाम त्याने सुटले नाहीत. आणि सुमारे 1,80,000 काळे सैनिक उत्तरेच्या लष्करात लढले. सुटका त्यांना कुणी आयती दिली नाही.

तिसऱ्या शनिवारी त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहा. तेरावी घटनादुरुस्ती 1865 ची, तिने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला. चौदावीने नागरिकत्व दिलं, पंधरावीने मताचा हक्क. 1870 मध्ये मिसिसिपीतूनच हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटवर गेला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, ती या उमेदीच्या दिवसांत. ते अर्पणपत्र वर्गात वाचाच. चारच वर्षांनी, 1877 मध्ये, दक्षिणेतल्या काळ्यांच्या पाठीशी उभं असलेलं सैन्य मागे घेतलं गेलं.

आणि जमीन? जानेवारी 1865 मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन सुटलेल्या गुलामांना कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला. लिंकननंतरच्या अध्यक्ष जॉन्सनने त्यातली बहुतेक जुन्या मालकांना परत केली. मग सुटलेली माणसं त्याच मालकाच्या शेतात अर्धेलीने राबू लागली. बी-बियाणं उधार, हिशेबाची वही मालकाकडे.

हे समजावायला मी माझ्या आजीचं घर सांगते. ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत होतं. दारात माड लावायचा तरी ती आधी विचारायला जाई. असं दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला तो मुंडकार. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा 1975 मध्ये आला. पण इथे सावध राहा. मुंडकार गुलाम नव्हता, त्याची मुलं बाजारात कुणी विकली नाहीत, हे स्पष्ट सांगा. लिलावाचं नाटक तर मुलांकडून कधीच करवू नका. कोणत्या पोराला फळीवर उभं करणार तुम्ही?

चौथ्या शनिवारी मुलं बोलतात, मी ऐकते. आधी घरचा अभ्यास एवढाच देते: आपलं घर ज्या जमिनीत उभं आहे, ती कुणाच्या नावावर आहे आणि कधीपासून, ते आजी-आजोबांना विचारून या. त्यांना सांगायचं नसेल, तर दुसऱ्यांदा विचारू नका.