एका खात्याच्या सगळ्या नोंदी, सगळ्या शीटमधून एकदम

दुकानाच्या उधारीची एक्सेल फाइल बहुतेक जण अशीच ठेवतात, दर महिन्याला एक शीट आणि त्यात तारीख, खाते नंबर, माल, रक्कम. आता खातं १०४ ची वर्षभराची उधारी काढायची म्हटलं की लोक व्हीलुकअप लावतात आणि अडकतात, कारण व्हीलुकअप पहिली जुळलेली ओळ देतो आणि थांबतो, एक्सलुकअपचंही तेच. एप्रिलमध्ये त्याच्या दोन ओळी, मे मध्ये अकरा, जूनमध्ये एकही नाही, अशा डेटाला जुळणाऱ्या सगळ्या ओळी देणारं फिल्टर फंक्शनच पाहिजे.

पण त्याआधी शीट नीट करा, खरं काम इथंच आहे. बऱ्याच फाइलींत खाते नंबर फक्त पहिल्या ओळीत असतो आणि त्याखालच्या मालाच्या ओळींत तो रकाना रिकामा, डोळ्यांना कळतं पण फॉर्म्युल्याला नाही. खाते नंबरचा रकाना शेवटच्या नोंदीपर्यंत सिलेक्ट करा, एफ ५ दाबा, स्पेशलमध्ये ब्लँक्स निवडा, मग बरोबरचं चिन्ह टाइप करून वरचा बाण दाबा आणि कंट्रोल एंटर. सगळ्या रिकाम्या सेलमध्ये वरचा नंबर उतरतो. लगेच तो रकाना कॉपी करून व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा, नाहीतर उद्या कुणी सॉर्ट केलं की सगळे नंबर इकडचे तिकडे होतील.

आता बारा महिन्यांच्या आधी 'सुरुवात' आणि नंतर 'शेवट' अशा दोन कोऱ्या शीट टाका. 'सगळं' नावाची आणखी एक शीट या दोघींच्या बाहेर करा, तिच्या ए २ मध्ये बरोबरचं चिन्ह आणि व्हीस्टॅक (याद्या एकाखाली एक जोडणारं फंक्शन) टाइप करून कंस उघडा (फंक्शनची नावं इंग्रजीतच टाकायची, VSTACK, FILTER), 'सुरुवात'च्या टॅबवर क्लिक, शिफ्ट धरून 'शेवट'वर क्लिक, ए २ ते डी ५०० सिलेक्ट, कंस बंद, एंटर. झालं, सगळे महिने एकाखाली एक. पुढे नवीन महिन्याची शीट या दोघींच्या मधे टाकली की ती आपोआप धरली जाते, हे मला फार आवडतं.

शेवटी 'शोध' शीट. बी १ मध्ये खाते नंबर, आणि ए ५ मध्ये फिल्टर: पहिल्या जागी 'सगळं'चे ए २ ते डी ८०००, दुसऱ्या जागी 'सगळं'चे बी २ ते बी ८००० बरोबर बी १, तिसऱ्या जागी अवतरणात "नोंद नाही". दोन ओळी असोत की चाळीस, तेवढ्याच खाली उतरतात. त्यांच्या वाटेत काही लिहिलेलं असेल तर स्पिल एरर येतो, म्हणून बेरीज खाली नाही तर वरच, डी २ मध्ये ठेवा. तारखेच्या जागी ४५ हजाराच्या आसपासचे आकडे दिसले तर घाबरू नका, फक्त त्या रकान्याला डेट फॉरमॅट द्या.

नोंद असून सापडत नसेल तर एखाद्या शीटमध्ये १०४ टेक्स्ट म्हणून पडलेला असतो, सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण बघा आणि कन्व्हर्ट टू नंबर करा.

व्हीस्टॅक एक्सेल २०२४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मिळतो. २०२१ मध्ये फिल्टर आहे पण व्हीस्टॅक नाही, तिथं सगळे महिने एकाच शीटमध्ये कॉपी करून ठेवा. गूगल शीट्समध्ये दोन्ही आहेत, पण तिथं शिफ्टवाली युक्ती चालत नाही, प्रत्येक शीटची रेंज स्वल्पविराम देऊन वेगळी लिहावी लागते, आणि फिल्टरमधली तिसरी जागा, म्हणजे 'नोंद नाही', गाळावी लागते.